फळ्यावरचे धूसर अक्षर
ऱ्हस्वदृष्टी आणि डोळ्यांची दैनंदिन निगा

(शिक्षक, ग्रामपंचायत सदस्य व क्षेत्रीय अधिकारी यांच्यासमोरील भाषणाचा मजकूर)



असा एखादा विद्यार्थी बहुतेक प्रत्येक शिक्षकाच्या पाहण्यात आलेला असतो. चौथीपर्यंत तो बरा शिकतो. पाचवी-सहावीत मात्र त्याची घसरण सुरू होते. फळ्यावरचे गणित तो उतरवून घेतो ते शेजाऱ्याच्या वहीतून. तोंडी प्रश्नाचे उत्तर तो बिनचूक देतो, पण फळ्यावर लिहिलेला प्रश्न विचारला की मान खाली घालतो. मैदानावर चेंडू त्याच्या हातून हमखास निसटतो. घरी तो आळशी ठरतो, शाळेत ढ ठरतो. त्याची स्वतःची तक्रार मात्र कधीच नसते, कारण जग सर्वांनाच असे दिसते अशी त्याची प्रामाणिक समजूत असते. लांबच्या झाडाची पाने सुटी सुटी दिसतात, हे ज्याने कधी पाहिलेच नाही, तो ती आपल्याला दिसत नाहीत असे सांगणार तरी कसे?

अशा पुष्कळ मुलांच्या बुद्धीत काहीही उणे नसते. त्यांना दूरचे दिसत नाही, एवढेच. हा दोष वेळीच लक्षात आला तर एका साध्या चष्म्याने दूर होतो. लक्षात आला नाही तर शिक्षणाची ऐन उमेदीची वर्षे वाया जातात आणि मुलाच्या मनात स्वतःविषयी जो न्यूनगंड बसतो, तो पुढे चष्मा मिळूनही सहजासहजी जात नाही. म्हणून ऱ्हस्वदृष्टी हा विषय नेत्रवैद्यांइतकाच शिक्षकांचा आणि गावाचा कारभार पाहणाऱ्यांचाही आहे.

दोष नेमका कोठे असतो?

जवळचे स्पष्ट दिसणे आणि दूरचे धूसर दिसणे, या दोषास ऱ्हस्वदृष्टी, निकटदृष्टिता किंवा लघुदृष्टी असे म्हणतात. डोळ्याच्या पुढच्या भागात पारपटल हा पारदर्शक पडदा आणि त्याच्या मागे नेत्रभिंग असते. या दोहोंमुळे बाहेरून आलेले प्रकाशकिरण वळतात आणि मागील बाजूच्या दृष्टिपटलावर एकत्र येऊन तेथे प्रतिमा उमटते. किरण वळविण्याचे सुमारे दोनतृतीयांश काम एकटे पारपटल करते. उरलेले काम नेत्रभिंग करते आणि जवळचे पाहताना आपला फुगीरपणा वाढवून ते प्रतिमा जुळवून घेते.

नवजात बालकाच्या डोळ्याची पुढून मागे लांबी सुमारे १७ मिलिमीटर असते. वाढत वाढत ती प्रौढपणी सुमारे २४ मिलिमीटर होते. ही वाढ पारपटल व नेत्रभिंग यांच्या शक्तीशी जुळती राहिली म्हणजे दृष्टी निर्दोष राहते. काही मुलांत मात्र डोळा गरजेपेक्षा अधिक लांब वाढतो. मग दूरच्या वस्तूपासून आलेले किरण दृष्टिपटलाच्या अलीकडेच एकत्र येतात आणि दृष्टिपटलावर पडते ती पसरट, अस्पष्ट प्रतिमा. प्रौढ डोळ्यात एका मिलिमीटरची जादा लांबी म्हणजे चष्म्याचा सुमारे अडीच ते तीन नंबर. एवढ्या थोडक्या फरकावर स्पष्ट दिसणे वा न दिसणे अवलंबून असते.

दृष्टिपटलावर प्रतिमा कशी उमटते आणि अंतर्गोल काचेने दूरचे का दिसू लागते, याची शास्त्रीय उपपत्ती योहानेस केप्लर या ज्योतिर्विदाने १६०४ साली प्रथम मांडली. अंतर्गोल काच किरणांना थोडे फाकविते, त्यामुळे ते जरा मागे, म्हणजे नेमके दृष्टिपटलावर एकत्र येतात. चार शतके लोटली, तरी चष्म्याचे तत्त्व तेच आहे.

नंबर म्हणजे काय?

चष्म्याच्या चिठ्ठीवर नंबरापूर्वी उणे चिन्ह असते. त्याचा अर्थ काच अंतर्गोल आहे एवढाच. डोळ्यात काही उणे झाले, असा त्याचा अर्थ नव्हे. हा नंबर डायॉप्टर या एककात मोजतात आणि त्याचा व्यवहारातील अर्थ अगदी सोपा आहे. उणे १ नंबर असणाऱ्यास चष्म्याविना एक मीटरपर्यंतचे स्पष्ट दिसते, उणे २ असणाऱ्यास अर्ध्या मीटरपर्यंतचे आणि उणे ४ असणाऱ्यास केवळ २५ सेंटिमीटरपर्यंतचे. तिसऱ्या रांगेत बसलेल्या उणे २ नंबरच्या मुलास फळा दिसतो, पण फळ्यावरची अक्षरे दिसत नाहीत, ही गोष्ट या हिशेबावरून सहज ध्यानात येईल.

सर्वसाधारणपणे उणे अर्ध्या नंबरापासून पुढे ऱ्हस्वदृष्टी मानली जाते. उणे ६ किंवा त्याहून अधिक नंबर असला तर ती तीव्र समजतात. हा भेद महत्त्वाचा आहे. तीव्र ऱ्हस्वदृष्टीत लांबलेल्या डोळ्यातील दृष्टिपटल ताणले जाऊन पातळ होते. ते सुटण्याचा, काचबिंदूचा आणि मध्यभागाची झीज होऊन नजर कायमची अधू होण्याचा धोका अशा डोळ्यांना अधिक असतो. चष्म्याने दिसू लागले म्हणजे हा धोका टळला असे होत नाही, कारण चष्मा प्रतिमा सुधारतो, डोळ्याची लांबी कमी करीत नाही. नंबर जितक्या लहान वयात लागतो, तितकी वाढीची वर्षे अधिक मिळून तो शेवटी मोठा होण्याचा संभव असतो. म्हणूनच नंबर लागण्याचे वय दोन-चार वर्षांनी पुढे ढकलता आले, तरी ती मोठी कमाई ठरते.

आनुवंशिकता आणि परिस्थिती

आईवडिलांपैकी एकास ऱ्हस्वदृष्टी असल्यास मुलास ती होण्याचा संभव वाढतो आणि दोघांनाही असल्यास तो आणखी वाढतो. तथापि, केवळ आनुवंशिकतेने सर्व गोष्टींचा उलगडा होत नाही. दिल्लीतील शाळकरी वयाच्या मुलांच्या पाहणीत २००२ साली प्रसिद्ध झालेले ऱ्हस्वदृष्टीचे प्रमाण सुमारे ७ टक्के होते, तर २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत ते सुमारे १३ टक्के आढळले. दोन्ही पाहण्यांच्या पद्धतीत फरक असला तरी दिशा स्पष्ट आहे. दहा-पंधरा वर्षांत कोणत्याही समाजाचे आनुवंशिक गुण बदलत नसतात. बदलते ती राहणी. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक अंदाजानुसार २००० साली जगातील सुमारे २३ टक्के लोकांना ऱ्हस्वदृष्टी होती, आणि कल असाच राहिल्यास २०५० पर्यंत निम्म्या जगाला ती होईल.

राहणीतील कोणता बदल याला कारणीभूत ठरतो, याविषयी २००८ साली प्रसिद्ध झालेली एक तुलना बोलकी आहे. चिनी वंशाच्या सहा-सात वर्षांच्या मुलांची सिंगापूर व सिडनी या दोन शहरांत पाहणी करण्यात आली. वंश एकच, आईवडिलांच्या ऱ्हस्वदृष्टीचे प्रमाणही जवळपास सारखेच. तरी सिंगापूरमधील मुलांपैकी २९ टक्क्यांना ऱ्हस्वदृष्टी होती, तर सिडनीतील मुलांपैकी केवळ ३.३ टक्क्यांना. सिडनीतील मुले पुस्तके कमी वाचत होती असेही नव्हते. उलट ती अधिक वाचत होती. ठळक फरक होता तो मोकळ्यावर घालविलेल्या वेळेचा. सिडनीतील मूल आठवड्यात पावणेचौदा तास घराबाहेर असे, सिंगापूरचे मूल अवघे तीन तास.

मोकळ्या मैदानाचे औषध

या निष्कर्षाची कसोटी पुढे प्रत्यक्ष शाळांत घेण्यात आली. चीनमधील ग्वांगझौ शहरातील बारा प्राथमिक शाळांपैकी सहा शाळांत पहिलीच्या मुलांसाठी रोज ४० मिनिटांचा एक जादा तास मैदानावर ठेवला गेला. तीन वर्षांनंतर, २०१५ साली, निष्कर्ष प्रसिद्ध झाले. जादा तास नसलेल्या शाळांत ३९.५ टक्के मुलांना नव्याने ऱ्हस्वदृष्टी झाली होती. जादा तास असलेल्या शाळांत ३०.४ टक्के मुलांना. औषध नाही, यंत्र नाही, केवळ मैदानावरील चाळीस मिनिटांनी दर शंभरांतील नऊ मुलांचा चष्मा निदान लांबणीवर पडला.

तैवानने हेच सूत्र संपूर्ण देशाच्या शाळांत लागू केले. तेथील प्राथमिक शाळांत दृष्टी कमी असलेल्या मुलांचे प्रमाण २००१ साली ३४.८ टक्के होते, ते २०११ पर्यंत ५० टक्क्यांवर गेले. २०१० पासून तेथे मुलांनी रोज १२० मिनिटे मोकळ्यावर घालवावीत अशी मोहीम शासनाने हाती घेतली. मधल्या सुट्टीत वर्ग रिकामे करणे, खेळाचे तास खरोखरीच मैदानावर घेणे, काही विषयांचे पाठ बाहेर शिकविणे, असे तिचे स्वरूप होते. दशकभर वाढत आलेले प्रमाण त्यानंतर उतरू लागले आणि २०१५ साली ४६.१ टक्क्यांवर आले.

यामागील कारणमीमांसा अशी की, भर दिवसाचा बाहेरचा प्रकाश वर्गातील प्रकाशाच्या कितीतरी पट असतो. चांगल्या वर्गात तीनशे ते पाचशे लक्स प्रकाश मिळतो, तर बाहेर उन्हात तो कित्येक हजार लक्स असतो आणि झाडाच्या सावलीतही वर्गापेक्षा पुष्कळ अधिक असतो. अशा प्रखर प्रकाशात दृष्टिपटलात डोपामाइन हे द्रव्य अधिक प्रमाणात स्रवते व ते डोळ्याच्या अवाजवी वाढीस आवर घालते, असे संशोधक मानतात. शिवाय मैदानावर नजर सतत दूरवर जाते. येथे दोन गोष्टी स्पष्ट केल्या पाहिजेत. एक, यासाठी मुलांना रणरणत्या उन्हात उभे करण्याचे मुळीच कारण नाही. सकाळची वेळ आणि झाडांची सावली पुरेशी आहे, आणि सूर्याकडे थेट पाहणे तर केव्हाही घातकच. दुसरी, मोकळ्यावर राहण्याने नंबर लागणे टळते वा लांबते. एकदा लागलेला नंबर त्याने उतरत नाही.

चष्म्याविषयीचे गैरसमज

चष्म्याविषयी आपल्याकडे जितके गैरसमज आहेत, तितके क्वचितच दुसऱ्या कशाविषयी असतील. चष्मा लावला की डोळ्यांना त्याची सवय लागते आणि नंबर वाढतो, हा त्यांतील पहिला. वाढत्या वयात नंबर वाढतो तो डोळा वाढतो म्हणून. चष्मा न लावल्याने ती वाढ थांबत नाही, मुलाला दिसत मात्र नाही. मुद्दाम कमी नंबरची काच दिल्याने वाढ रोखली जाते, हाही समज पाहण्यांत टिकला नाही. पुरा नंबर देणे हेच हिताचे ठरले आहे.

गाजर, शेवग्याची पाने, हिरव्या भाज्या यांनी चष्मा जातो, हा दुसरा समज. हे अन्न उत्तमच आहे. त्यातून मिळणाऱ्या अ जीवनसत्त्वाच्या अभावी रातांधळेपणा येतो आणि लहान मुलांचे बुब्बुळ कायमचे निकामी होऊ शकते. पण डोळ्याची लांबी अन्नाने कमी होत नाही. डोळ्यांच्या व्यायामाचेही तसेच. त्याने थकवा कमी वाटेल, नंबर जाणार नाही.

तिसरा गैरसमज अधिक दुःखदायक आहे. मुलीला चष्मा लागला तर तिचे लग्न जमणार नाही, म्हणून तो घेतलाच जात नाही, किंवा घेतला तरी पाहुण्यांसमोर काढून ठेवायला सांगितला जातो. वर्गात न दिसणारी मुलगी अभ्यासात मागे पडते, आणि मागे पडली म्हणून तिची शाळा लवकर सुटते. चष्म्याची लाज मुलीला वाटत नसते. ती तिला शिकविली जाते. शिक्षिकेने आणि अंगणवाडी सेविकेने पालकांशी बोलून ही एक समजूत बदलली, तरी त्या मुलीच्या आयुष्यात पुष्कळ काही बदलेल.

नंबर वाढत असल्यास

मुलाचा नंबर यंत्रावर झटपट काढून भागत नाही. जवळचे पाहण्यासाठी ताणलेला नेत्रभिंगाचा स्नायू औषधाच्या थेंबांनी सैल करून तपासणी केली, तरच खरा नंबर कळतो. एरवी तो प्रत्यक्षाहून अधिक येण्याचा संभव असतो. पुढे दर सहा महिन्यांनी ते वर्षाने पुन्हा तपासणी व्हावी.

नंबर झपाट्याने वाढत असल्यास त्याची गती मंद करण्याचे उपाय आता उपलब्ध आहेत. ॲट्रोपीन या औषधाचे अत्यंत सौम्य थेंब रात्री डोळ्यांत घालणे, विशिष्ट रचनेची भिंगे असलेले चष्मे, आणि काही प्रकारची स्पर्शभिंगे हे ते उपाय होत. ते नेत्रवैद्याच्या देखरेखीखालीच करावयाचे असतात. लेसर शस्त्रक्रिया अठरा वर्षांनंतर व नंबर स्थिरावल्यावरच विचारात घेतात. तिने पारपटलाचा आकार बदलून चष्मा सुटतो, परंतु डोळा लांबलेलाच राहतो. म्हणून मोठा नंबर असलेल्या व्यक्तीने शस्त्रक्रियेनंतरही दृष्टिपटलाची तपासणी नियमित करून घेतली पाहिजे.

डोळ्यांपुढे अचानक काळ्या ठिपक्यांचा वा जाळ्यांचा वर्षाव होणे, अंधारात विजेसारखी चमक दिसणे, किंवा नजरेच्या एका बाजूने पडदा सरकत आल्यासारखे वाटणे, ही दृष्टिपटल सुटत असल्याची लक्षणे होत. त्यात वेदना मुळीच नसते, म्हणूनच लोक थांबतात. अशा वेळी आठवडी बाजाराच्या दिवसाची वाट न पाहता त्याच दिवशी नेत्ररुग्णालय गाठावे.

प्रौढांच्या बाबतीतही काही खुणा ध्यानात ठेवण्याजोग्या आहेत. साठीनंतर एखाद्या आजोबांना एकाएकी चष्म्याविना वाचता येऊ लागते, आजींना सुई ओवता येते, आणि घरात आनंद होतो. बहुधा तो मोतीबिंदू पक्व होऊ लागल्याचा परिणाम असतो. जवळचे दिसते, पण दूरचे त्याच वेळी धूसर झालेले असते. मधुमेही व्यक्तीचा नंबर वारंवार बदलू लागला तर रक्तातील साखर तपासावी. तरुण वयात नंबर सतत बदलत असेल आणि डोळे चोळण्याची सवय असेल, तर पारपटल शंकूसारखे पुढे येत नाही ना, हे पाहून घ्यावे. डोळे चोळण्याची सवय मोडणे हा त्या रोगात महत्त्वाचा उपाय आहे.

रोजची निगा

दैनंदिन निगेचे नियम साधे आहेत, परंतु ते पाळले जात नाहीत.

वाचताना पुस्तक डोळ्यांपासून ३० ते ४० सेंटिमीटर अंतरावर असावे. कोपर टेबलावर टेकवून मूठ गालाला लावली असता जे अंतर होते, तेवढे मुलास सहज दाखविता येते. झोपून वा चालत्या वाहनात वाचणे टाळावे. उजव्या हाताने लिहिणाऱ्या मुलास प्रकाश डाव्या बाजूने यावा, म्हणजे हाताची सावली अक्षरावर पडत नाही. वीस मिनिटे जवळचे काम झाले की वीस सेकंद खिडकीबाहेर दूरवर पाहावे. त्याने डोळ्यांचा शीण उतरतो.

मोबाइल हा आता खेड्यातील घरांतही मुलांचा खेळगडी झाला आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली दिलेल्या मार्गदर्शनानुसार एक वर्षापर्यंतच्या बालकास पडदा मुळीच दाखवू नये आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी तो दिवसाकाठी एका तासाहून अधिक नसावा. जेवण भरविण्यासाठी हातात मोबाइल देणे ही सोय खरी, पण ती मुलाच्या मैदानाच्या वेळेतून वजा होते, ही गोष्ट विसरता कामा नये.

चष्मा पाण्याने धुऊन मऊ सुती कापडाने पुसावा, दोन्ही हातांनी काढावा व काचा वर ठेवून ठेवावा. मुलांना काचेऐवजी न फुटणारी प्लॅस्टिकची भिंगे द्यावीत. प्रत्येकाचा पंचा वा रुमाल वेगळा असावा, कारण डोळे आले असता संसर्ग हातांतून व कापडांतून पसरतो. डोळ्यांत काजळ, मध, एरंडेल, गुलाबपाणी वा कोणाचे उरलेले थेंब घालू नयेत. दुकानातून विचारून आणलेल्या काही थेंबांत स्टिरॉइड असते. त्याने लाली तात्काळ जाते, पण ते दीर्घकाळ वापरल्यास काचबिंदू होऊन नजर जाऊ शकते.

शेतीप्रधान गावांत इजांचा विचार स्वतंत्रपणे केला पाहिजे. भाताची लोंबी वा उसाचे पाते डोळ्यास लागून झालेला लहानसा ओरखडा बुरशीच्या संसर्गाने चिघळतो आणि बुब्बुळावर कायमचे फूल पडते. अशा इजेनंतर डोळा चोळू नये, घरगुती काही घालू नये आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. मळणीच्या वेळी साधा संरक्षक चष्मा वापरल्यास पुष्कळ डोळे वाचतील. घरातील तंबाखूच्या चंचीतला चुना हाही एक छुपा शत्रू आहे. चुन्याची पुडी वा नळी मुलाच्या हातात फुटून चुना डोळ्यांत उडतो व बुब्बुळ भाजते. चुना डोळ्यांत गेला तर डॉक्टरकडे धावण्यापूर्वी तेथल्या तेथे स्वच्छ पाण्याची धार किमान पंधरा-वीस मिनिटे डोळ्यांत सोडावी, पापण्या उलगडून चुन्याचे कण काढावेत आणि मगच रुग्णालयात न्यावे. पहिल्या काही मिनिटांतील पाणी हेच येथे खरे औषध आहे.

शाळेत तपासणी कशी करावी?

राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम देशात १९७६ साली सुरू झाला. २०१७ पासून त्याच्या नावात दृष्टिदोषाचाही समावेश करण्यात आला. शाळकरी मुलांची दृष्टितपासणी व गरजू मुलांना मोफत चष्मे हा त्याचा एक भाग आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ तर फेब्रुवारी २०१३ मध्ये महाराष्ट्रातील पालघर येथेच झाला. त्यानुसार आरोग्य पथकांनी अंगणवाडीतील बालकांची वर्षातून दोनदा व शाळेतील मुलांची एकदा तपासणी करावयाची असते. योजना आहेत, परंतु पथक येण्याच्या दिवशी गैरहजर असलेले मूल आणि चिठ्ठी मिळूनही रुग्णालयात न गेलेले मूल, ही दोन मुले योजनेच्या बाहेर राहतात.

म्हणून प्राथमिक पारख शिक्षकांनीच करावी. दृष्टितक्ता ही हर्मान स्नेलेन या डच नेत्रवैद्याची १८६२ सालची देणगी होय. तक्ता भरपूर प्रकाशात, मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर टांगावा आणि मुलास सहा मीटर अंतरावर उभे करावे. एका वेळी एकच डोळा तपासावा. दुसरा डोळा पुठ्ठ्याने वा तळहाताने झाकावा. बोटांनी झाकल्यास मुले फटींतून पाहतात, आणि डोळा दाबला तर नंतर त्याच डोळ्याने काही काळ धूसर दिसते. अक्षरओळख नसलेल्या मुलांसाठी चार दिशांना तोंड केलेल्या चिन्हांचा तक्ता असतो. चिन्हाचे तोंड जिकडे असेल तिकडे मुलाने हात दाखवावयाचा असतो. चष्मा असलेल्या मुलास चष्मा लावूनच तपासावे. रांगेतील मुले अक्षरे पाठ करून येतात, म्हणून क्रम अधूनमधून बदलावा. निकाल ६/१२ असा आला तर त्याचा अर्थ असा की, निर्दोष दृष्टीच्या व्यक्तीस जे अक्षर बारा मीटरवरून दिसते, ते या मुलास सहा मीटरवर यावे तेव्हा दिसते.

दोन्ही डोळे वेगवेगळे तपासण्याचे आणखी एक कारण आहे. एकाच डोळ्यात मोठा दोष असला तर मूल दुसऱ्या डोळ्यावर निभावून नेते व कोणासही पत्ता लागत नाही. वापरात नसलेला डोळा आळशी होतो आणि सात-आठ वर्षांनंतर त्यास सुधारणे अवघड जाते. तिरळेपणाही 'मोठेपणी आपोआप जाईल' म्हणून सोडून देऊ नये. अंगणवाडीतच अशा बालकांची नोंद होणे इष्ट होय.

पंचायतीने काय करावे?

ग्रामपंचायतीस या कामी फार मोठा खर्च नाही. शाळेचे पटांगण अतिक्रमणापासून मोकळे ठेवणे व त्याच्या कडेने सावलीची झाडे लावणे, हे आता दृष्टिरक्षणाचेही काम ठरले आहे. फळा चकाकत असल्यास त्यास काळा रंग देणे, वर्गाच्या बंद पडलेल्या खिडक्या उघडणे व दिवे दुरुस्त करणे, या गोष्टी एका दिवसात होण्याजोग्या आहेत. आरोग्य पथक येण्याचा दिवस आधी जाहीर करावा. दोष आढळलेल्या मुलांची यादी मुख्याध्यापकांकडून घेऊन, त्यांपैकी किती मुले ग्रामीण रुग्णालयातील नेत्रचिकित्सा अधिकाऱ्यापर्यंत पोचली आणि किती मुलांच्या नाकावर प्रत्यक्ष चष्मा आला, एवढी विचारपूस ग्रामसभेत व्हावी. तपासणीचा आकडा अहवालात शोभतो, पण मुलाला दिसू लागते ते चष्मा मिळाल्यावर. चष्मा फुटला तर दुसरा कोठून यावयाचा, हेही आधीच ठरलेले असावे. गरीब घरातील मुलाचा फुटलेला चष्मा वर्षभर तसाच पडून राहतो, हा नेहमीचा अनुभव आहे.

शिक्षकांनी मधल्या सुट्टीत वर्गाला कुलूप लावून मुलांना बाहेर काढावे. खेळाचा तास गणिताच्या उजळणीसाठी घेऊ नये. परिसर अभ्यास, कविता, पाढे यांचे पाठ झाडाखाली घेता येतात. पूर्वी गावच्या मुलांना हे सर्व न मागता मिळत होते. विटीदांडू, सूरपारंब्या, लगोरी, गुरे राखणे यांत त्यांचे दिवसाचे कित्येक तास आकाशाखाली जात. विटी लागून डोळा फुटू नये एवढी काळजी घेतली, तर त्या खेळांना आजही पर्याय नाही.

मागच्या बाकावरच्या त्या विद्यार्थ्यास पहिल्यांदा चष्मा लावला जातो तेव्हा तो फळ्याकडे न पाहता खिडकीबाहेर पाहत राहतो, असे अनेक शिक्षक सांगतात. झाडाची पाने त्यास तेव्हा प्रथमच सुटी सुटी दिसत असतात. त्याला तेथवर आणण्यासाठी लागतो तो सहा मीटरचा एक दोरा, भिंतीवरचा एक तक्ता आणि हे मूल ढ नसेल, अशी शंका घेणारा एक शिक्षक. नव्या शैक्षणिक वर्षाच्या पहिल्या पंधरवड्यात प्रत्येक शाळेने हा तक्ता भिंतीवर लावावा आणि शेवटच्या बाकापासून तपासणीस प्रारंभ करावा, एवढीच विनंती.